संगणकीय भूमिकाक्रीडेतील सोबत्यांची निवड आणि तिचे परिणाम : एक समीक्षात्मक विवेचन

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, रोल-प्लेइंग, सोबती, निवड, परिणाम, उत्तरदायित्व

प्रस्तावना

महाभारताच्या उद्योगपर्वात अर्जुन आणि दुर्योधन यांच्यापुढे एक निवड येते. एका बाजूला नारायणी सेना, तर दुसऱ्या बाजूला शस्त्र न धरणारा कृष्ण. अर्जुन कृष्णाला निवडतो आणि या निवडीचे पडसाद युद्धाच्या अखेरपर्यंत उमटत राहतात. वाचकाला या प्रसंगाचे मर्म उमगते. परंतु निवड त्याची नसते, म्हणून तिचे उत्तरदायित्वही त्याच्यावर येत नाही.

व्हिडिओ गेमच्या ‘रोल-प्लेइंग’ या प्रकारात नेमका हाच फरक पडतो. यात खेळणारी व्यक्ती कथेतील नायकाची भूमिका घेते, काही सोबत्यांसह प्रवास करते, त्यांच्याशी संवाद साधते आणि प्रसंगी त्यांच्यापैकी कोण जगेल, कोण राहील हेही ठरवते. आपल्याकडील साहित्यसमीक्षेने या प्रकाराकडे केवळ करमणूक म्हणून पाहिले आहे. तथापि वर्गात आपल्यासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा दीर्घ कथनाशी पहिला निकटचा परिचय याच माध्यमातून होत असेल, तर त्याचे मूल्यमापन टाळणे योग्य ठरणार नाही.

प्रस्तुत लेखात कॅनडातील एडमंटन येथे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या बायोवेअर या कंपनीच्या ‘मास इफेक्ट’ आणि ‘ड्रॅगन एज’ या मालिकांच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे : सोबत्याविषयी केलेल्या निवडीचा परिणाम खरा केव्हा मानावा?

चूक आणि हानी

‘मास इफेक्ट २’ (२०१०) या खेळाच्या शेवटी नायक शेपर्ड आपल्या पथकासह एका अशा मोहिमेवर निघतो, जिथून परत येण्याची आशा जवळजवळ नसते. या मोहिमेत सोबती मृत्युमुखी पडू शकतात. परंतु सोबत्यांची वैयक्तिक कामे आधी पूर्ण केली, जहाज सुसज्ज केले आणि योग्य व्यक्तीला योग्य कामगिरी दिली, तर सर्वांना सुखरूप परत आणता येते. म्हणजेच येथे एक अचूक उत्तर अस्तित्वात आहे. सोबती गमावला तर खेळणारा जुन्या टप्प्यावर परत जाऊन चूक दुरुस्त करू शकतो. या मृत्यूंचे दुःख होत नाही असे नाही. पण ते व्यवस्थापनातील त्रुटीचे दुःख आहे.

याउलट, पहिल्या ‘मास इफेक्ट’मधील (२००७) व्हर्मायर या ग्रहावरील प्रसंग पाहावा. अ‍ॅशली विल्यम्स आणि केडन अलेन्को हे दोन सोबती दोन वेगवेगळ्या ठिकाणी शत्रूच्या वेढ्यात सापडतात आणि शेपर्डला एकाच ठिकाणी पोहोचता येते. दोघांनाही वाचवण्याचा मार्ग या खेळात नाही. जुन्या टप्प्यावर परत गेल्याने मृत्यू टळत नाही, फक्त मरणारी व्यक्ती बदलते. निवडीमागे निश्चित हानी असते, ही जाणीव येथे प्रथम होते.

तरीही या प्रसंगाला एक मर्यादा आहे. पुढील दोन खेळांत वाचलेली व्यक्ती कोणीही असो, तिला मिळणारे स्थान जवळजवळ सारखेच राहते. रचनेच्या दृष्टीने हे दोन सोबती परस्परांचे पर्याय ठरतात. हानी घडते, परंतु त्या हानीविषयी बोलणारे, जाब विचारणारे असे कोणी फारसे उरत नाही.

सोबत्याचा निवाडा

या दृष्टीने ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) हा खेळ अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑस्टागारच्या लढाईत सेनापती लोगेन आपले सैन्य मागे घेतो. परिणामी राजा केलन मारला जातो आणि ग्रे वॉर्डन या योद्धासंघाचा तेथील जवळजवळ संपूर्ण संहार होतो. वाचतात ते केवळ नायक आणि त्याचा सोबती अलिस्टर. पुढे सरदारांच्या सभेत, म्हणजे लँड्समीटमध्ये, लोगेनचा पराभव झाल्यावर एक पर्याय पुढे येतो : त्याला ठार न करता ग्रे वॉर्डन करून घ्यावे. राजकीय आणि लष्करी दृष्ट्या हा पर्याय शहाणपणाचा आहे. वॉर्डन मोजकेच उरले आहेत, आणि लोगेन कसलेला सेनानी आहे.

परंतु अलिस्टरला हे मान्य होत नाही. ज्याने आपल्या गुरूला, डंकनला, मरणाच्या दारी सोडले, त्याच्यासमवेत तो उभा राहणार नाही. खेळणाऱ्याने लोगेनला जीवदान दिले की अलिस्टर पथक सोडतो. आधीच्या निवडींनुसार त्याचे पुढील भवितव्य बदलते. पण सोबती म्हणून तो कोणत्याही परिस्थितीत राहत नाही.

येथे एक तांत्रिक बाब विशेष लक्षणीय आहे. या खेळात प्रत्येक सोबत्याचे खेळणाऱ्याविषयीचे मत उणे १०० ते अधिक १०० अशा अंकांत मोजले जाते. भेटवस्तू देऊन हा अंक वाढवता येतो. मैत्रीचे असे अंकगणित करणे हा या माध्यमाचा मोठा दोष आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र लँड्समीटच्या प्रसंगी हेच अंकगणित कोलमडून पडते. अलिस्टरचे मत पूर्ण १०० असले तरी तो थांबत नाही. मैत्री कितीही गाढ असो, तिच्या बळावर मित्राचा विवेक विकत घेता येत नाही, हे या कथनाने आपल्याच मोजपट्टीला बाजूला सारून सिद्ध केले आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते, परिणामाचे खरेपण येथे आहे. किती घटना बदलल्या यावरून ते ठरत नाही. सोबत्याला आपल्याविषयी निवाडा करण्याचे स्वातंत्र्य आहे किंवा नाही, यावरून ते ठरते. व्हर्मायर येथे आपण सोबत्याविषयी निर्णय घेतो. लँड्समीटमध्ये सोबती आपल्याविषयी निर्णय घेतो.

परिणामांसह जगणे

निवाडा झाल्यानंतर त्यासह जगावे लागते, हा पुढचा मुद्दा. ‘ड्रॅगन एज २’ (२०११) मध्ये नायक वेगळा आहे, शहर वेगळे आहे. मात्र आधीच्या खेळात अलिस्टर देशोधडीला लागला असेल, तर कर्कवॉल शहरातील दारूच्या गुत्त्यात तो मद्यधुंद अवस्थेत भेटतो. या भेटीने कथानक पुढे सरकत नाही. तिला प्रयोजन एवढेच की, आपल्या शहाणपणाची किंमत कोणी चुकवली हे आपण पाहावे.

‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ (२०१४) साठी तर खेळणाऱ्याला आपल्या पूर्वीच्या निवडी ‘ड्रॅगन एज कीप’ या व्यवस्थेत स्वतः नोंदवता येत. त्यात खोटी नोंद करण्यासही कोणी मज्जाव करीत नसे. म्हणजे स्वतःच्या भूतकाळाची साक्ष प्रामाणिकपणे द्यावी की नाही, हा प्रश्नही खेळणाऱ्याकडेच सोपवला गेला. जीवदान मिळालेला लोगेन पुढे हयात राहिला असेल, तर तो येथे वृद्ध वॉर्डन म्हणून परत येतो आणि एका प्रसंगी त्याला मागे सोडावे की नाही, हे पुन्हा ठरवावे लागते. एका दयेचा हिशेब असा ५ वर्षांनंतर समोर येतो.

मर्यादा

या माध्यमाचे गुणगान करणे हा येथे हेतू नाही. ‘मास इफेक्ट ३’ (२०१२) मध्ये पूर्वीच्या अनेक निवडींचे रूपांतर युद्धसज्जतेच्या एका अंकात केले गेले. त्याच्या समाप्तीविषयी खेळणाऱ्यांमध्ये इतका असंतोष निर्माण झाला की, त्याच वर्षी कंपनीला विस्तारित शेवट प्रसिद्ध करावा लागला. ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’ (२०२४) मध्ये पूर्वीच्या निवडींपैकी केवळ ३ विचारात घेतल्या आहेत आणि त्यात अलिस्टर किंवा लोगेन यांना स्थान नाही. प्रत्येक शक्यता स्वतंत्रपणे लिहावी, घडवावी लागते, हे निर्मितीच्या खर्चाचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे ज्याच्यासह जगायचे तो इतिहासच पुसला जातो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. जेथे अचूक उत्तर उपलब्ध आहे, तेथे सोबत्याचा मृत्यू ही चूक असते. जेथे ते उपलब्ध नाही, तेथे ती हानी असते. आणि जेथे सोबती स्वतः उभा राहून आपल्या निवडीला नकार देतो, तेथेच तिला नैतिक परिणामाचे रूप येते. शोकात्मिकेत नायकाच्या निर्णयाचे ओझे प्रेक्षक दुरून अनुभवतो. येथे ते त्याच्याच खांद्यावर येते. लोगेनला जगवणे योग्य होते, आणि अलिस्टरचे निघून जाणेही योग्य होते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठेवण्याचे सामर्थ्य ज्या कथनप्रकारात आहे, त्याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावी, असे वाटते.