मुक्काम भिंतीत

अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं जालीम औषध. व्हेनेझुएलाच्या मातीतल्या जिवाणूपासून १९५०च्या दशकात ते हाती आलं. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल असतं; औषध त्याला धरतं, पडद्याला भोकं पडतात, पेशी मरते. पण आपल्या पेशींच्या पडद्यात त्याच कुळातलं कोलेस्टेरॉल आहे आणि औषध त्यालाही थोडंफार धरतंच. मग हुडहुडी भरते, ताप चढतो, मूत्रपिंडं होरपळतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात बिमलकुमार बच्छावत यांनी या औषधाचं जे लायपोसोमी रूप घडवलं, त्याची रचना सावकाश वाचावी अशी आहे. सामग्री अगदी मोजकी: फॉस्फॅटिडिलकोलीन नावाचा स्निग्ध पदार्थ, कोलेस्टेरॉल आणि औषध. स्निग्ध रेणूचं डोकं पाण्याला धरून, शेपट्या पाण्याला टाळून. पाण्यात सोडले की हे रेणू आपसूक दुपदरी भिंतीच्या सूक्ष्म पोकळ पिशव्या, म्हणजेच लायपोसोम, बनवतात, हे १९६०च्या दशकात अ‍ॅलेक बँगहॅम यांनी इंग्लंडमध्ये दाखवलं. या भिंतीत रेणूला रेणू रासायनिक बंधानं जोडलेला नसतो. पाण्यापासून अंग चोरणाऱ्या शेपट्याच तिला उभी ठेवतात, म्हणून ती मऊ.

पिशवी म्हटली की औषध पोकळीत असणार असं वाटतं. इथे ते भिंतीतच मुक्कामाला आहे, कारण पाण्यात ते विरघळत नाही. आणि त्या भिंतीत कोलेस्टेरॉलही आहे! मला या रचनेतली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते. ज्या ओढीमुळे औषध आपल्या पेशींना इजा करतं, तीच ओढ त्याला भिंतीत थोपवून धरायला कामी आली. अर्गोस्टेरॉलची ओढ मात्र याहून बळकट. म्हणून बुरशी भेटली की औषध इथली पकड सोडून तिकडे जातं. औषधाचा दोष काढून टाकलेला नाही, त्याला कामाला लावलंय.

फंगीसोम या नावानं हे लायपोसोमी रूप बाजारात आलं. देण्याआधी कुपी अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडलेल्या पाण्यात ४५ मिनिटं ठेवायची, म्हणजे पिशव्या लहान होतात. रचनेवरचा शेवटचा हात असा वॉर्डात फिरतो, हे मला फार आवडतं.

२०२१ साली कोविडनंतर काळ्या बुरशीची साथ आली तेव्हा लायपोसोमी इंजेक्शनं मिळेनाशी झाली.

अशा औषधांना लावलं जाणारं ‘लक्ष्यवेधी’ हे विशेषण मात्र जपून वापरावं. ही पिशवी कुणाचा माग काढत नाही. रक्तात परके कण दिसले की यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी ते गिळतात, तशा त्या हिलाही गिळतात. ‘काळा आजार’ या दुसऱ्याच रोगाचा परजीवी नेमका याच पेशींत दडलेला असतो आणि त्याच्याही पडद्यात अर्गोस्टेरॉलच्या जातीचे रेणू असतात. औषधाला पत्ता शोधावाच लागत नाही. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्ये अशाच एका लायपोसोमी औषधाची एकच मात्रा, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, देऊन पाहिली. २०१०मध्ये निष्कर्ष छापून आले: साध्या औषधाच्या, दिवसाआड दिलेल्या १५ सलाइनींनी जेवढे रुग्ण बरे झाले, जवळपास तेवढेच या एका सलाइनीनं झाले.