साहेबाचा ताप

मंडळी, मागच्या वेळी ‘समाधान’ या शब्दापाशी थांबलो होतो. तिथूनच पुढे जाऊ.

फ्रँके, फेल्फे आणि पुंट या जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये आरोग्याची जाण ठेवणारं नेतृत्व मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली. त्यातलं मला आवडलं ते हे, की वरिष्ठ हाताखालच्यांची काळजी घेतो का, याच्या जोडीला तो स्वतःची घेतो का, हेही त्यांनी विचारलं. मी विभागप्रमुख होतो तेव्हा ताप अंगावर काढून वर्गावर जायचो, आणि बरं का, त्याचा अभिमान बाळगायचो! पुढे एक तरुण सहकारी कावीळ झालेली असताना येत राहिला. मी त्याला ‘ये’ म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच मी ठेवली नव्हती.

इथपर्यंत हा विचार पटतो. पण नोकरांची प्रकृती साहेबाच्या स्वभावावर सोडायची, तर साहेबाची बदली झाल्यावर काय? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती मागितली. मालक मनाने चांगले व्हावेत, अशी वाट ते पाहत बसले नाहीत. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली, ती सहा वर्षं रेटा लावल्यावर. आपल्या अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, तेव्हा कामगारांना पाणी आणि पंखे द्या, हे जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीच्या कलमाखाली सांगावं लागलं. पाणी द्यायला कलम! म्हणजे बघा.

दुसरी अडचण समाधानाची. अमर्त्य सेन सांगतात, की ज्याला सतत कमीच मिळालं तो कमीत समाधान मानायला शिकतो. एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली पोती उचलणाऱ्या हमालाला विचारा, कामावर खूश आहात का? ‘हो जी, बरं चाललं’ म्हणेल. तो खोटं बोलत नाही. पण हे उत्तर पाचपैकी चार गुण म्हणून तक्त्यात मांडलं, की मालकाला वाटतं आपलं नेतृत्व उत्तम.

मी त्याला दुसरंच विचारीन. दादा, आज चक्कर आली म्हणून दुपारीच घरी गेलात, तर रोजी किती कापतील? आणि उद्या कामावर घेतील ना?