चाचणी-निकालांची सहपत्रे आणि वापर-पुस्तिकेची भाषा : एक चिकित्सा

बीजशब्द : वापर-पुस्तिका, सॉफ्टवेअर चाचणी, सहपत्र, परिभाषा, वारणा

प्रस्तावना :
सॉफ्टवेअरसोबतची वापर-पुस्तिका हा समीक्षेचा विषय सहसा मानला जात नाही. वस्तुतः डोनाल्ड नुथ यांनी १९८४ मध्ये 'लिटरेट प्रोग्रामिंग' ही संकल्पना मांडून आज्ञावली ही मुख्यतः माणसाला समजावी म्हणून लिहावी असे प्रतिपादन केले होते. हाच निकष पुस्तिकेला अधिक काटेकोरपणे लावता येतो. चाचणी-निकालांना जोडलेल्या फायली उतरवून घेणाऱ्या साधनाची पुस्तिका कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनाचे स्वरूप :
सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी अयशस्वी ठरली की 'अयशस्वी' हा शेरा पुरेसा नसतो. त्या क्षणाचे पडद्याचे चित्र, नोंदवही, चित्रफीत या फायली निकालाला जोडल्या जातात. त्या पुराव्यासारख्या असतात. मायक्रोसॉफ्टच्या अझुर डेव्हऑप्स या प्रणालीत संपूर्ण चाचणी-सत्राला जोडलेल्या फायली आणि एकेका निकालाला जोडलेल्या फायली वेगवेगळ्या ठेवल्या जातात. त्या मिळविण्यासाठी आधी सत्र, मग निकाल, मग फायलींची यादी आणि शेवटी क्रमांकानुसार प्रत्येक फाईल, असा क्रम पाळावा लागतो. हेच काम साधन आपोआप करते.

पुस्तिकांतील उणिवा :
अशा पुस्तिकांत आज्ञा व पर्यायांची यादी बहुधा नेटकी असते. मौन असते ते अपयशाविषयी. एका विनंतीत सर्व निकाल येतीलच असे नाही. पुढील पाने मागवावी लागतात. हे न सांगितल्यास अपुरा संच पूर्ण समजला जातो. अनेक चाचण्यांची चित्रे एकाच नावाची असतील तर एक फाईल दुसरीवर लिहिली जाऊन पुरावा नाहीसा होतो. ठरावीक मुदतीनंतर जुनी सत्रे पुसली जातात. प्रवेशाचे गुप्त चिन्ह आज्ञेतच लिहिल्यास ते नोंदींत उघडे पडू शकते. डॅनिएले प्रोचिडा यांनी दस्तऐवजाचे शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण असे चार प्रकार मानले आहेत. येथे संदर्भ असतो, स्पष्टीकरण नसते. आणि नवख्या वाचकाला त्याचीच गरज असते.

परिभाषेचा प्रश्न :
मराठीत 'निकाल' म्हणताच विद्यार्थ्याला विद्यापीठाची गुणपत्रिका आठवते. 'टेस्ट रन'साठी 'चाचणी धाव' म्हटले तर वाचक क्रिकेटच्या मैदानावर पोहोचतो; 'चाचणी-सत्र' अधिक समर्पक ठरते. 'अटॅचमेंट'साठी 'संलग्नक' घडविण्यापेक्षा शासकीय पत्रव्यवहारात रुळलेला 'सहपत्र' हा शब्द जवळचा आहे. मात्र पडद्यावर जो इंग्रजी शब्द दिसतो तो देवनागरीत सोबत द्यावा, अन्यथा वाचकाला कळ सापडणार नाही. शब्द शुद्ध असण्यापेक्षा कृती घडणे महत्त्वाचे आहे.

वारणेचा अनुभव :
या संदर्भात वारणानगरचे उदाहरण बोलके आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. पुढे 'वारणा अनवायर्ड' या संशोधनात, गावोगावचे संगणक प्रत्यक्षात कशासाठी वापरले जातात हे आधी पाहण्यात आले. ऊस व खतासंबंधीच्या मोजक्याच व्यवहारांसाठी त्यांचा उपयोग होत असल्याने ते काम मोबाईलवरील लघुसंदेशांकडे सोपविण्यात आले. सात गावांतील आठ महिन्यांच्या प्रयोगात ही पद्धत स्वस्त व सोयीची ठरली. हाच धडा पुस्तिकाकारालाही लागू पडतो : साधन काय काय करू शकते यापेक्षा माणूस त्याच्याकडून काय करून घेतो, हे पाहून लिहावे.

निष्कर्ष :
१. पुस्तिकेने यशस्वी कृतीइतकेच अपयशाचे वर्णन करावे. किती फायली अपेक्षित होत्या व किती उतरल्या, हे ताडून पाहण्याची रीत सांगावी.
२. परिभाषा रुळलेल्या शब्दांतून निवडावी.
३. मराठी माध्यमातून अभियांत्रिकीकडे आलेला विद्यार्थी आज्ञा पाठ करू शकतो. परंतु कारण कळल्याशिवाय तो साधन दुरुस्त करू शकत नाही. पुस्तिकेची भाषा त्याला केवळ वापरकर्ता ठेवते की निर्माता होऊ देते, हा प्रश्न म्हणूनच सोयीपुरता नाही. तो ज्ञानाच्या अधिकाराचा आहे.