भयानक रस आणि हरवलेली चौकट : ‘स्लेंडर मॅन’ या आंतरजालीय आख्यायिकेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

साहित्यकृतीचा वाचकाच्या प्रत्यक्ष वर्तनावर परिणाम होतो काय, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. जर्मन साहित्यिक गटे यांची वेर्थर या तरुणाची शोककथा सांगणारी कादंबरी १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या नायकाच्या अनुकरणाने तरुण वाचक आत्महत्या करतील या भीतीने लाइपझिग येथे तिच्यावर बंदी घालण्यात आली. आंतरजालाच्या प्रसारानंतर हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात पुढे आला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा या शहरात ३१ मे २०१४ रोजी बारा वर्षे वयाच्या दोन मुलींनी आपल्याच वयाच्या वर्गमैत्रिणीवर चाकूचे १९ वार केले. ‘स्लेंडर मॅन’ या काल्पनिक पात्राला प्रसन्न करण्यासाठी आणि त्याच्या कोपापासून आपल्या कुटुंबीयांना वाचविण्यासाठी हे कृत्य केल्याचे त्यांच्या जबाबातून समोर आले. सुदैवाने जखमी मुलगी बचावली. प्रस्तुत लेखात या गुन्ह्याशी जोडल्या गेलेल्या आख्यायिकेच्या रूपबंधाचा विचार केला आहे. कथा दोषी की निर्दोष, एवढ्यापुरताच हा प्रश्न मर्यादित ठेवल्यास साहित्यसमीक्षेचे खरे काम बाजूला राहते, अशी या विवेचनामागील भूमिका आहे.

आख्यायिकेची जडणघडण

‘स्लेंडर मॅन’ या पात्राचा जन्म नेमका सांगता येतो. १० जून २००९ रोजी एरिक नूडसेन यांनी ‘व्हिक्टर सर्ज’ या टोपणनावाने दोन कृष्णधवल छायाचित्रे आंतरजालावर ठेवली. साध्या छायाचित्रांत फेरफार करून ती अमानवी वाटतील अशी बनविण्याचा तो एक खेळ होता. खेळणाऱ्या मुलांच्या पाठीमागे उंच, कृश, चेहरा नसलेली आकृती या चित्रांत दिसत होती. मात्र या निर्मितीचे सामर्थ्य चित्रांपेक्षा त्यांखालच्या मजकुरात अधिक होते. चित्रे १९८० च्या दशकातील असल्याचे, एका ग्रंथालयाच्या आगीतून ती वाचल्याचे, छायाचित्र टिपले त्याच दिवशी चौदा मुले नाहीशी झाल्याचे आणि छायाचित्रकाराचाही ठावठिकाणा नसल्याचे त्यात नमूद केले होते. आकृतीची विचित्रता हा फिल्ममधील दोष असल्याचे अधिकाऱ्यांचे मत आहे, अशी नोंदही त्यात होती. वाचकाच्या मनात येणारी शंका मजकुराने स्वतःच उच्चारली आणि तिचेही पुराव्यात रूपांतर केले. बनावट दस्तऐवजाचे हे तंत्र भयकथेला पूर्वीपासून अवगत आहे. पुस्तकाच्या पृष्ठांत मात्र मुखपृष्ठ, लेखकाचे नाव आणि प्रकाशकाची मुद्रा या गोष्टी वाचकाला कल्पिताची जाणीव सतत करून देत असतात.

आंतरजालावर हे आवरण गळून पडले. नक्कल करून अन्यत्र चिकटविण्याच्या संगणकीय क्रियेवरून ज्यांना ‘क्रीपीपास्ता’ हे नाव मिळाले, त्या भयकथांच्या प्रवाहात हे पात्र मिसळले. २००९ मध्येच ‘मार्बल हॉर्नेट्स’ ही चित्रफितींची मालिका आणि २०१२ मध्ये ‘स्लेंडर : द एट पेजेस’ हा संगणकीय खेळ आला. असंख्य वाचकांनी आपापली भर घातली. तो मुलांना पळवितो, काहींना आपले हस्तक बनवितो, त्याचे निवासस्थान अरण्यात आहे, अशा कल्पना या सामूहिक लेखनातून रूढ झाल्या. परिणामी अवघ्या पाच वर्षांत मूळ कर्त्याचे नाव मागे पडले आणि पात्राला लोककथेची प्राचीनता प्राप्त झाल्यासारखे भासू लागले.

पारंपरिक लोककथेपासून या आख्यायिकेचा वेगळेपणा येथेच स्पष्ट होतो. मराठी लोकसमजुतीतील मुंजा पिंपळावर असतो, वेताळ गावाच्या वेशीवर असतो. त्यांचे स्थान, त्यांची वेळ आणि त्यांच्यापासून बचावाचे उपायही सांगितलेले असतात. शिवाय ती कथा सांगणारी वडीलधारी व्यक्ती समोर बसलेली असते व मूल फारच घाबरले तर ती कथा थांबविते. ‘स्लेंडर मॅन’ला असे स्थान नाही, शेवट नाही आणि थांबविणारा निवेदकही नाही. वॉकेशातील मुलींनी ही रिकामी जागा स्वतः भरली. विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडील निकोले राष्ट्रीय वनात त्याचा वाडा आहे, असे मानून हल्ल्यानंतर त्या पायी तिकडे निघाल्या आणि त्याच दिवशी पोलिसांच्या हाती लागल्या.

रसप्रक्रियेतील विघ्न

या ठिकाणी भारतीय काव्यशास्त्राचा आधार उपयुक्त ठरतो. भरताच्या रससूत्राचे विवरण करताना अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’च्या प्रारंभी प्राणभयाने धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकाला तेथे जे भय प्रतीत होते ते ‘माझे’ नसते, ‘दुसऱ्याचे’ही नसते. देश, काल आणि व्यक्ती यांच्या बंधनातून मुक्त झाल्यामुळेच ते आस्वाद्य बनते. भय हा स्थायी भाव भयानक रसात परिणत होण्यासाठी हे साधारणीकरण अनिवार्य आहे. आपल्या किंवा परक्याच्या विशिष्ट देशकालात गुंतून पडणे हे अभिनवगुप्ताने रसविघ्नांपैकी एक मानले असून, पूर्वरंग, प्रस्तावना आणि नटाची वेशभूषा यांनी ते दूर होते असे प्रतिपादन केले आहे. समोर चालले आहे ते नाट्य आहे, ही जाणीव रसाला मारक नसून पोषक आहे, असा याचा अर्थ होतो.

या निकषावर पाहता ‘स्लेंडर मॅन’ची संहिता रसविघ्नालाच आपले तंत्र बनविते. तिला पूर्वरंग नाही, नटाची ओळख नाही. तुझ्याच खिडकीबाहेर, तुझ्याच गावच्या रानात तो असू शकतो, असे ती वाचकाला सुचविते. प्रौढ आणि सरावलेला वाचक ही चौकट स्वतःच्या मनाने पुरवितो. आपण खेळात सहभागी आहोत हे त्याला ठाऊक असते आणि त्यातच त्याचा आनंद असतो. ही चौकट पुरविण्याची क्षमता ज्याच्या ठायी अद्याप विकसित झालेली नाही, किंवा आजाराने दुर्बल झाली आहे, त्याच्या बाबतीत मात्र भय हे भयच राहते.

लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी याच प्रक्रियेचा वेगळ्या अंगाने विचार केला आहे. लिंडा देग व अँड्रू वाझोन्यी यांनी १९८३ मध्ये आख्यायिका केवळ सांगितली जात नाही, तर प्रसंगी कृतीतून घडविली जाते, हे ‘ऑस्टेन्शन’ या संज्ञेने मांडले. बिल एलिस यांनी १९८९ मध्ये हाच विचार आख्यायिकांशी निगडित हत्यांना लागू केला. वॉकेशाची घटना या मांडणीत बसते. मात्र कृती का घडली, याचे संपूर्ण उत्तर त्यातून मिळत नाही.

दोन अपुरी स्पष्टीकरणे

या घटनेची दोन स्पष्टीकरणे प्रचलित झाली. पहिल्यानुसार कथेनेच मुलींना गुन्ह्यास प्रवृत्त केले. लक्षावधी मुलांनी ही कथा वाचली आणि त्यांतील जवळजवळ सर्वांनी कोणासही इजा केली नाही, या साध्या वस्तुस्थितीपुढे हे स्पष्टीकरण टिकत नाही. ग्लासगो येथील १९५४ ची घटनाही या संदर्भात उद्बोधक आहे. लोखंडी दातांच्या पिशाच्चाने दोन मुलांना मारल्याच्या अफवेवरून तेथील शेकडो शाळकरी मुले काठ्या व चाकू घेऊन दक्षिणेकडील मोठ्या दफनभूमीत पिशाच्चाचा शोध घेऊ लागली. प्रत्यक्षात कोणतेही मूल बेपत्ता नव्हते. दोष अमेरिकी भयचित्रकथांवर ठेवण्यात आला आणि १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा प्रकाशनांविरुद्ध कायदाही झाला. मात्र मुलांनी ती कल्पना एखाद्या चित्रकथापुस्तकातून घेतली होती, हे सिद्ध झाले नाही. भारतातही २०१७ मध्ये मुंबईतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूचा संबंध ‘ब्लू व्हेल’ नावाच्या कथित खेळाशी जोडण्यात आला व देशभर घबराट पसरली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, तपासलेल्या कोणत्याही मृत्यूचा या खेळाशी संबंध सिद्ध होऊ शकला नाही. कल्पितावर दोष ठेवण्याची घाई स्वतःच एक नवी भयकथा रचते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसून येते.

दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार मुली मनोरुग्ण होत्या, म्हणून कथेचा विचार करण्याचे कारणच नाही. न्यायालयीन प्रक्रियेत आजाराचे महत्त्व निर्विवादपणे पुढे आले. एका मुलीस बालवयातच स्किझोफ्रेनिया जडल्याचे निदान झाले. मानसिक आजारामुळे दोघींनाही गुन्ह्याबद्दल शिक्षापात्र मानण्यात आले नाही. एकीला २५, तर दुसरीला ४० वर्षांपर्यंत मनोरुग्णालयाच्या देखरेखीखाली ठेवण्याचा आदेश झाला. पहिलीची २०२१ मध्ये अटींवर सुटका झाली. परंतु भ्रम निर्माण होणे आणि भ्रमाला विशिष्ट आकार मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजाराने भ्रम दिला असेल, पण त्याला नाव, नियम आणि मागणी आख्यायिकेने पुरविली. दोन मुलींच्या मैत्रीत एकीचा विश्वास दुसरीच्या विश्वासाला पुरावा ठरला, ही बाबही दुर्लक्षिता येत नाही. कारण आणि आकार यांतील हा भेद न केल्यास एक पक्ष साहित्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि दुसरा त्याला परिणामशून्य ठरवितो.

नामकरणाचा प्रश्न

या संपूर्ण चर्चेतील आणखी एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. हा गुन्हा सर्वत्र ‘स्लेंडर मॅन प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. जो अस्तित्वातच नाही त्याचे नाव गुन्ह्याला मिळाले आणि जिने प्रत्यक्ष वेदना सोसली ती मुलगी तपशिलापुरती उरली. २०१६ मध्ये अनुबोधपट व २०१८ मध्ये व्यावसायिक चित्रपट आला, तेव्हा एका आरोपी मुलीच्या वडिलांनी चित्रपटावर जाहीर आक्षेप घेतला होता. आख्यायिका गुन्ह्यालाही आपल्यात सामावून घेते आणि त्यातून अधिक बलवान होते. समीक्षकही पात्राच्या आकर्षणात गुंतला, तर तोही नकळत या आख्यायिकेचा प्रसारक ठरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. भयकथा गुन्ह्याचे कारण आहे, असे म्हणण्यास आधार नाही. कर्ता, शेवट आणि चौकट गमावलेली कथा मात्र दुर्बल मनाच्या भ्रमाला तयार साचा पुरवू शकते. हल्ल्यानंतर भयकथांच्या संकेतस्थळांनी येथील मजकूर कल्पित आहे, असे जाहीर केले. गळून पडलेली चौकट परत बसविण्याचाच तो प्रयत्न होता, पण तो उशिरा झाला. बंदीने हा प्रश्न सुटत नाही, कारण पुनःपुन्हा नकलल्या जाणाऱ्या संहितेवर बंदी घालता येत नाही. येथे साहित्याच्या अध्यापनाचे महत्त्व अधोरेखित होते. निवेदक कोण, संहिता कोणी व केव्हा रचली, पुराव्याचा आभास कोणत्या शब्दांनी निर्माण केला, हे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लावणे हे आजवर परीक्षेपुरते काम मानले गेले. चौकटीविना येणाऱ्या मजकुराच्या काळात ते संरक्षणाचे काम झाले आहे. त्याचबरोबर, ज्या विद्यार्थ्याला कथा आणि वास्तव यांतील सीमारेषाच दिसेनाशी झाली आहे, त्याला पाठ्यपुस्तकापेक्षा उपचाराची गरज आहे, हे ओळखण्याची जबाबदारीही अध्यापकावर येते.