तीन मिनिटांच्या शांततेनंतर

जे-झी आणि कान्ये वेस्ट यांच्या ‘वॉच द थ्रोन’ची (२०११) डीलक्स आवृत्ती ऐकताना बाराव्या गाण्यानंतर अचानक काहीच ऐकू येईनासं होतं. तेरावा ट्रॅक सुरू झालेला असतो, पण त्याची पहिली सुमारे तीन मिनिटं निव्वळ शांतता आहे. मूळ अल्बम इथे संपला, पुढची चार गाणी जादाची, असं सांगणारी ही भिंत आहे. माझं म्हणणं एवढंच, की या भिंतीपलीकडच्या एका गाण्याशिवाय हा अल्बम अर्धाच राहतो.

मूळ बारा गाण्यांवर झालेला आरोप सर्वश्रुत आहे : अमेरिकेत बेरोजगारी ९ टक्क्यांच्या आसपास असताना दोन श्रीमंत माणसं आपल्या घड्याळांबद्दल आणि गाड्यांबद्दल गातात. रिकार्डो तिशीने केलेलं सोनेरी मुखपृष्ठही त्यात भरच घालतं. पण सोन्याखाली धास्ती आहे. ‘मर्डर टू एक्सलन्स’मध्ये जे-झी २०१०मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या डॅनरॉय हेन्री या विद्यार्थ्याची आठवण काढतो. ‘न्यू डे’मध्ये दोघंही अजून न जन्मलेल्या मुलांशी बोलतात. वर पोहोचलेला काळा माणूस मागे वळून पाहतो तेव्हा त्याला काय दिसतं, हा या अल्बमचा खरा प्रश्न. मात्र ‘व्हाय आय लव्ह यू’ हे शेवटचं गाणं जुन्या साथीदारांच्या बेइमानीबद्दल आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रश्नाचा शेवट राजाच्या रुसव्यावर होतो.

जादाची चार गाणी एका तोलाची नाहीत. शांततेनंतर उसळणारं ‘इलेस्ट मदरफकर अलाइव्ह’ आधीच्याच बढाया पुन्हा मारतं. ‘प्राइमटाइम’ कान्येच्या शिकागोतल्या गुरूने, नो आय. डी.ने रचलंय, ऐकायला मजा येते, पण ते मनात घर करत नाही. लेक्स लुगरच्या दणदणाटावर उभं असलेलं ‘एच. ए. एम.’ जानेवारी २०११मध्ये या जोडीचं पहिलं गाणं म्हणून वाजतगाजत आलं होतं. तेच पुढे मुख्य यादीतून बाहेर पडलं. हा अल्बम नुसताच ताकदीचा तमाशा झाला असता तर कसा वाटला असता, याचा तो नमुना आहे. ते गाळलं, हे बरंच झालं.

आणि मग येतं ‘द जॉय’. शिकागोच्या कर्टिस मेफिल्डचा हळुवार आवाज आणि त्याभोवती न्यूयॉर्कच्या पीट रॉकने बांधलेला ठेका. कान्ये शिकागोत वाढला, जे-झी ब्रुकलिनचा. या दोघांची शहरं जिथे खरोखर एकमेकांना भेटतात, अशी जागा मला अल्बमभर दुसरी सापडली नाही. इतर ठिकाणी जुनी सोल गाणी विजयचिन्हांसारखी मिरवली जातात : ‘ओटिस’मध्ये ओटिस रेडिंगचा आवाज तोडून-जोडून त्याची आरोळी केली आहे. ‘द जॉय’मध्ये मेफिल्डला त्याच्या लयीत गाऊ दिलंय आणि दोन्ही रॅपर त्याच्या चालीने चालतात. मैफल भैरवीने संपावी तसा हा शेवट आहे. इथे जिंकायचं काही उरलेलं नसतं.

यातली विसंगती अशी, की हेच गाणं २०१०मध्ये कान्येने ‘गुड फ्रायडेज’ या उपक्रमात फुकट वाटलं होतं. वर्षभराने ते चढ्या किमतीच्या आवृत्तीचं आमिष झालं. त्या आवृत्तीची सीडीही सुरुवातीला बेस्ट बाय या एकाच दुकानसाखळीत मिळत होती. डीलक्स आवृत्त्यांचा हा व्यवहार नेहमीचाच : उरलंसुरलं वेष्टनात घालून विकायचं. पण इथे उरल्यासुरल्यात अल्बमचा गाभाच निघून गेला. ज्याने साधी आवृत्ती घेतली, त्याच्या हाती सिंहासन लागलं. ज्या घरातून ही माणसं तिथवर आली, ते घर त्याला दिसलंच नाही.

म्हणून डीलक्सच ऐकावी. तीन मिनिटांची शांतता पुढे ढकलू नये. त्यानंतरची तीन गाणी हवी तर गाळावीत आणि ‘द जॉय’पाशी थांबावं.