आज्ञापत्रांतील साहुकार आणि टोपीकर

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें, सन १७१५ च्या सुमाराचें आज्ञापत्र वाचकांस परिचितच आहे. त्यांतील टोपीकरांविषयींचा मजकूर तेवढा वेगळा काढून, मराठी राज्यकर्ते दूरदेशींच्या व्यापारास प्रतिकूल होते, असें अनुमान करणारे आढळतात. तें अनुमान ग्राह्य नाहीं.

समर्थांच्या या जन्मगांवीं दासबोधाचे वाचक पुष्कळ. २० दशक व २०० समास यांतील एकच समास दशकापासून तोडून वाचला तर अर्थ बिघडतो, हें त्यांस सांगावें लागत नाहीं. आज्ञापत्रासही तोच नियम लावला पाहिजे.

साहुकारांच्या प्रकरणाचा उपक्रम पाहावा. साहुकार हे राज्याची शोभा. त्यांच्या योगें दुर्मिळ वस्तु राज्यांत येतात, संकटसमयीं कर्ज मिळतें. सबब त्यांचें संरक्षण करावें, परदेशच्या व्यापाऱ्यांसही अभय देऊन बोलवावें, असें तेथें प्रतिपादन आहे. हा उत्सर्ग झाला. टोपीकर हा त्याचा अपवाद होय. आणि अपवाद सांगितल्यानें उत्सर्ग नष्ट होत नाहीं, त्याची मर्यादा मात्र ठरते. टोपीकरही साहुकारच, परंतु त्यांच्या पाठीशीं राजे आहेत. म्हणून त्यांस समुद्रकांठीं जागा देऊं नये, देणें पडल्यास आंत द्यावी, असा अमात्यांचा विवेक आहे.

या विवेकामागें अनुभव होता. सन १६६० त पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरच्या वखारवाल्या इंग्रजांनीं सिद्दी जौहराच्या बाजूनें गडावर तोफांचा मारा केला. सन १६६१ त शिवाजीमहाराजांनीं राजापूर मारून त्या वखारवाल्यांस कैद केलें. तथापि व्यापाराचें दार मिटलें नाहीं. सन १६७४ च्या जून महिन्यांत हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकसमयीं रायगडीं हजर होता. त्यास पाठविणारा जेराल्ड ऑंजियर हा सुरतेच्या कौन्सिलाचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर, म्हणजे व्यापारी व राज्याधिकारी एकाच देहीं! त्या तहांत राजापूरची नुकसानभरपाई, वखारींची परवानगी व शेंकडा अडीच जकात हीं कलमें आलीं. परंतु नाणें आणि फुटलेलीं गलबतें यांच्या कलमांवर महाराजांकडून प्रथम हरकत निघाली. मालाच्या क्रयविक्रयास अडचण नव्हती. राज्याधिकारास स्पर्श होतांच घासाघीस झाली. त्याच राज्याभिषेकांतील अष्टप्रधानांत रामचंद्रपंतांचें नांव अमात्य म्हणून येतें, हें लक्षांत ठेवावें.

अमात्यांच्या विचारांत एक उणीव मात्र स्पष्ट दिसते. येणाऱ्यास कोठें बसवावें याचा विचार त्या प्रकरणांत आहे. आपल्या साहुकारांनीं संघ करून टोपीकरांच्या मुलखीं वखार घालावी, ही सूचना त्यांत नाहीं. व्यवहार एकमार्गी राहिला, आणि त्याचें फळ पुढील शतकानें भोगलें.

मुंबईंत सन १८३६ त बॉम्बे चेंबर, पुण्यांत १९३४ त मराठा चेंबर आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ त इंडो-जर्मन चेंबर स्थापन झालें. दूरदेशींच्या व्यापाराचें बोलणें आज अशीं मंडळें करतात. त्यांच्या पदरीं तोफा नाहींत. तरीही समोर बसलेला पाहुणा स्वतःच्या मालापुरतें बोलतो कीं आपल्या राज्याच्या वतीनें, हा अमात्यांचा प्रश्न विचारण्याजोगाच आहे. त्याचें उत्तर मिळाल्यावर पाहुण्यास बसावयास जागा देण्यास हरकत नसावी, अमात्यांचीही नव्हती.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच, कीं हें प्रकरण उतरून घेतां किंवा छापतां साहुकारांपासून टोपीकरांपर्यंत अखंड द्यावें. अर्धें प्रकरण देणें म्हणजे ग्रंथकर्त्याच्या तोंडीं दुसऱ्याचें मत घालणें होय.

जांब समर्थ, जि. जालना