ठेका धरणाऱ्याच्या पश्चात

जुना वाद्यवृंद बऱ्याच वर्षांनी नवी ध्वनिमुद्रिका घेऊन परततो तेव्हा रसिकाला आनंदाइतकीच धास्तीही वाटते. अशी बहुतेक पुनरागमने पूर्वपुण्याईवर निभावतात. ‘एसी/डीसी’ या ऑस्ट्रेलियन हार्ड रॉक वृंदाची २०२० मधील ‘पॉवर अप’ मात्र, हा वृंद गेली चार दशके ऐकत आलेल्या प्रस्तुत लेखकाला, निराळ्या कारणाने विचारात पाडते.

१९६३ मध्ये स्कॉटलंडहून सिडनीला स्थलांतरित झालेल्या यंग कुटुंबातील माल्कम व अँगस या भावांनी १९७३ मध्ये हा वृंद उभारला. शाळकरी गणवेशात रंगमंचभर धावणारा अँगस सर्वांच्या डोळ्यांत भरला. पण लयीची गिटार वाजवत मागे उभा राहणारा माल्कम हाच त्याचा कणा होता. ठेका चोख धरणाऱ्या तबलजीकडे श्रोत्यांचे लक्ष सहसा जात नाही, तशीच त्याची गत.

फेब्रुवारी १९८० मध्ये गायक बॉन स्कॉट निवर्तला, तरी त्याच जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ अवतरली. तेव्हा आवाज बदलला होता, लय तीच होती. पुढे २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशाने माल्कम निवृत्त झाला. २०१६ मध्ये श्रवणदोषामुळे गायक ब्रायन जॉन्सन थांबला, त्याच वर्षी बास वाजवणारा क्लिफ विल्यम्सही. नोव्हेंबर २०१७ मध्ये माल्कम गेला. वृंद संपला, असेच सर्वांनी मानले.

‘पॉवर अप’मध्ये जॉन्सन, विल्यम्स आणि ड्रमवादक फिल रड परतले. या वेळी जुना आवाज आला, लयीचा धनी मात्र नव्हता. त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही आहे. त्याने स्वतःची करामत दाखवण्याचा मोह टाळून काकांची लय निष्ठेने राखली आहे. बाराही गाण्यांच्या रचनेचे श्रेय दोघा भावांना आहे, कारण अँगसने दोघांच्या संग्रही पडून असलेल्या जुन्या सुरावटींतून ती घडवली.

दोष नाहीत असे नाही. शब्दकळा नेहमीचीच, आणि उत्तरार्धातील दोन-तीन गाणी एकमेकींच्या छायेत हरवतात. परंतु ‘थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम’ या गाण्यात सत्तरी गाठलेल्या जॉन्सनचा कर्कश आवाज हळवा होतो आणि या वृंदात विरळा असा स्मरणाचा सूर उमटतो. तेथे ही ध्वनिमुद्रिका श्राद्धाच्या औपचारिकतेपलीकडे जाते.

हे तेच ते संगीत आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा असला तरी अपुरा आहे. घराण्याची चीज तीच असते. ती कोण, किती जिवंतपणे मांडतो यावर तिचे मोल ठरते. त्या कसोटीला ‘पॉवर अप’ उतरते. मात्र हे यश माल्कमच्या शिदोरीवरचे आहे. ती सरल्यावर अँगसजवळ स्वतःचे काय उरते, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळत नाही.